पुन्हा हरिश्चंद्रगडावर

आवडत्या डोंगराकडे बऱ्याच वर्षांनी गेलेला मनुष्य परत आला की हटकून म्हणतो, "पूर्वीचे आता काही राहिले नाही." या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी आपण अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर आम्ही तिकडे जाऊन आलो, आणि आपणांपैकीही पुष्कळांनी तो पाहिला असेल.

डोंगरात काळाची तीन मापे एकाच वेळी चालू असतात. पहिले माप खडकाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि पुढे पाण्यापावसाने ते कोरून निघाले. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या मापाने आपली दहा वर्षे म्हणजे निमिषही नव्हे. कोकणकड्याचा तो आत वळलेला प्रचंड बाक, केदारेश्वराच्या लेण्यातील पाण्यात उभे असलेले शिवलिंग आणि चारांपैकी उरलेला एकच खांब, हे सारे होते तसेच आहे.

दुसरे माप कारवीचे. हे झुडूप साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तेव्हा परतलेल्या प्रवाशाला एखादा उतार नुसत्या वाळक्या काटक्यांनी भरलेला दिसला, तर रान मेले असे त्याने समजू नये. पडलेले बी पावसाळ्यात रुजते आणि नवी पिढी उभी राहते.

तिसरे माप पायवाटेचे, आणि खरी चिंता येथेच आहे. पायांखाली माती दाबली जाते, गवताची मुळे मरतात, आणि मग पाणी मुरेनासे होऊन वाटेवरूनच वाहू लागते. एका पावसाळ्यात वाटेची घळ होते. घळ टाळण्यासाठी आपण बाजूच्या गवतावरून चालतो, म्हणजे शेजारी दुसरी घळ तयार करतो! खडकाला जे करावयास युगे लागतात, ते मातीच्या बाबतीत सुट्टीच्या दिवसांतील गर्दी थोडक्यात उरकते. हा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे खरा; पण पायाखालची माती केवळ कायद्याने जागेवर राहत नाही.

मग तेथे जाऊच नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. पायथ्याच्या पाचनई आणि खिरेश्वर या गावांत आज कित्येक घरांची चूल येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भाकरीपिठल्यावर व वाटाड्याच्या कामावर चालते. आपण पाठ फिरवली तर वाट कदाचित सावरेल, पण त्या घरांचे काय? म्हणून जावे, परंतु रीतीने जावे. भर पावसातील रविवार टाळावा. रुळलेल्या वाटेनेच एकामागे एक चालावे. वळण चुकवून सरळ उतरू नये. पाण्याच्या टाक्यांत हातपाय धुऊ नयेत. नेलेला कचरा परत आणावा. मुक्काम आणि जेवण गावातच करावे.

पुष्कळ वर्षांनी परतणाऱ्याला एक लाभ असतो : रोज पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारा फरक त्याला चटकन दिसतो. तो फरक त्याने गावकऱ्यांस आणि सोबतच्या तरुणांस जरूर दाखवावा. नुसते हळहळण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे.