तीन वाजताची हवा

पुण्यातल्या एका संस्थेच्या हिशेब विभागात मी तीस वर्षे नोकरी केली. पहिली सोळा जुन्या दगडी इमारतीत गेली. तिथे छत इतके उंच की दिवा बदलायला शिपायाला दुसऱ्या मजल्यावरून मोठी शिडी आणावी लागे. लांब दांड्यांचे पंखे घरघरत. छताजवळच्या झडपांच्या दोऱ्या भिंतीवरून लोंबत असत आणि प्रत्येक टेबलावर पेपरवेट असे. मग आम्ही नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. पुढच्या बाजूला संपूर्ण काच, न उघडणाऱ्या खिडक्या, खाली आणलेले छत आणि चार स्प्लिट एसी. पेपरवेट आम्ही बरोबर नेले होते, पण ते कशाला हेच कुणाला सांगता येईना.

नव्या जागेत दुपारचे तीन ही वेळ अवघड होऊ लागली. जांभया, जड डोके, चुरचुरणारे डोळे. आधी वाटले जेवणाची सुस्ती असेल. पण जुन्या इमारतीतही आम्ही हेच डबे खात होतो. एका मार्चअखेरीला माझ्या शेजारच्या मुलीने नोंदीत दोन आकडे उलटे लिहिले. चूक पकडली गेली, दुरुस्तही झाली, पण तिच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा बसला. सकाळी तिच्या रकान्यात खाडाखोडही सापडत नसे. त्या शेऱ्याने मी अस्वस्थ झाले. मी वाणिज्य शाखेची, विज्ञान दहावीपर्यंतचे. तरी त्या वर्षीच्या दिवाळीच्या बोनसमधून मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र घेतले आणि टेबलावरच्या देवाच्या फोटोमागे ठेवले.

सकाळी दहाला यंत्र सहाशे दाखवी. दशलक्ष भाग हवेत सहाशे भाग, असा त्याचा अर्थ. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण आज साधारण ४२० आहे. दुपारी तीनला आकडा दोन हजारांच्या वर गेलेला असे.

मला वाटले यंत्र बिघडले आहे. म्हणून हिशेब मांडला. तो मला येतो. आमची खोली ४० फूट लांब, २५ फूट रुंद, १० फूट उंच, म्हणजे १०,००० घनफूट, म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार लिटर हवा. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आम्ही तीस जण. म्हणजे तासाला ५४० लिटर. भागाकार केला की दर तासाला दशलक्षात सुमारे १,९०० भागांची भर पडते. खोली डब्यासारखी बंद असती तर पहिल्याच तासाला आकडा २,३०० झाला असता. दारे उघडतात, फटी असतात, म्हणून तो दोन हजारांच्या आसपास रेंगाळत होता. यंत्र बरोबर होते.

‘पण एसी चालू आहे ना?’ हा प्रश्न मला वरिष्ठांनी विचारला, शिपायाने विचारला आणि घरी नवऱ्यानेही विचारला. यात आपली मोठी गैरसमजूत आहे. स्प्लिट एसीचे बाहेरचे खोके आत हवा पाठवते, असे बहुतेकांना वाटते. भिंतीतल्या भोकातून आत काय येते ते एकदा पाहावे: तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाणी जायची नळी. हवेला वाटच नाही. आतले यंत्र खोलीतलीच हवा ओढते, गार करते आणि परत खोलीतच सोडते. खोलीतली उष्णता नळ्यांतल्या द्रवातून बाहेर नेली जाते. आपला श्वास आतच राहतो. जुन्या विंडो एसीला ताज्या हवेची एक छोटी झडप तरी असे, आणि तीही बहुतेक वेळा बंदच.

या यंत्राच्या जन्मात माणसाच्या श्वासाचा विचार नव्हता, हेही सांगायला हवे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर याने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन योजना आखली ती कागदासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर बसत नसत. माणसे नंतर आली.

श्वासाचा विचार त्याआधी म्युनिकमध्ये झाला होता. माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये मांडले की बंद खोलीतल्या हवेचा शिळेपणा कार्बन डायऑक्साइडवरून ओळखावा आणि तो दशलक्षात हजार भागांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे. हा वायू एवढ्या प्रमाणात विषारी आहे, असे तो म्हणत नव्हता. माणसांच्या अंगातून आणि श्वासातून जे जे बाहेर पडते, त्या सगळ्याचा हा मोजता येणारा साक्षीदार आहे, एवढेच. आपल्याकडे कुबट वास आला की खिडकी उघडतात. त्याने त्या वासाला आकडा दिला.

मग गाडी कुठे घसरली? तेलाच्या भावात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन अभियंत्यांची शिफारस माणशी मिनिटाला ३० घनफूट ताज्या हवेची होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्रत्येक घनफूट हवा तापवण्याचा किंवा गार करण्याचा खर्च डोळ्यांत खुपू लागला. १९८१ मध्ये तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅशरे या संस्थेच्या मानकाने धूम्रपान नसलेल्या कार्यालयात माणशी फक्त ५ घनफूट हवा पुरेशी मानली. वरचाच हिशेब लावला तर ५ घनफुटांत आकडा २,५०० च्या घरात स्थिरावतो. त्याच काळात नव्या, घट्ट बंद इमारतींतून डोकेदुखी, थकवा, कोरडा घसा अशा तक्रारी येऊ लागल्या आणि ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत शिरला. १९८९ मध्ये मानक बदलले आणि कार्यालयासाठी माणशी २० घनफूट ठरले. त्याने आकडा ९५० च्या आसपास राहतो. सव्वाशे वर्षे फिरून गाडी पुन्हा पेटेनकोफरच्या दारात.

इथे माझ्या बाजूने एक कबुली. शिळ्या हवेने बुद्धी मंदावते का, यावर संशोधकांचे एकमत नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथे २०१२ मध्ये बावीस जणांवर प्रयोग झाला; अडीच हजारांच्या पातळीवर निर्णय घेण्याच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी ठळकपणे घसरली. नंतर डेन्मार्कमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडून तीन हजारांपर्यंत नेले तेव्हा तशी घसरण दिसली नाही. मात्र ताजी हवा कमी करून, माणसांचेच उत्सर्ग साठू दिले तेव्हा डोकेदुखी आणि पेंग वाढली. म्हणजे दोषी साक्षीदार नसावा, त्याच्याबरोबर आलेली मंडळी असावीत. त्या मुलीची चूक हवेमुळेच झाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. तो शेरा मात्र सिद्ध झाल्यासारखा लिहिला गेला होता.

आता थंडीकडे येते. आमच्या विभागात एसी २० वर असे आणि बायका मे महिन्यात शाल घेऊन बसत. कार्यालयात किती गार हवे, याचे जगभरचे उत्तर बरेचसे ओले फांगर या डॅनिश संशोधकाच्या १९७० च्या ग्रंथातून आले. अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या, बहुतांशी कॉलेजच्या वयाच्या, सुमारे १,३०० जणांना नियंत्रित खोलीत बसवून केलेल्या प्रयोगांवर ते आधारले होते. त्या सूत्रात शरीर किती उष्णता तयार करते याचा आकडा लागतो, आणि रूढ आकडा चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवले की बायकांच्या बाबतीत हा अंदाज बराच जास्त ठरतो. माझ्या शालीचे शास्त्रीय कारण मला असे चौपन्नाव्या वर्षी सापडले.

भारतीय शरीरांचे काय? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या सोळा कार्यालयीन इमारतींत जाऊन ६,३३० उत्तरे गोळा केली. निष्कर्ष असा की माणसे बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेतात. उन्हाळ्यात त्यांना बरे वाटणारे तापमान हिवाळ्यापेक्षा वरचे असते. त्यांनी दिलेले सूत्र घरच्या घरी मांडता येते. बाहेरच्या हवेची गेल्या महिनाभराची सरासरी ३० अंश असेल, तर पंखे-खिडक्यांवर चालणाऱ्या कार्यालयात सुखाचे तापमान सुमारे २९ अंश. कधी एसी, कधी खिडकी अशा मिश्र पद्धतीत सुमारे २६. हे प्रारूप २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आले आहे. वीस कुठेच नाही.

एसीचा एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. म्हणूनच २०२० पासून नवे एसी कारखान्यातून २४ वर लावून येतात. आपण घरी आणून तो १८ करतो, ही गोष्ट वेगळी.

पण सगळा गुंता इथेच आहे. ताजी हवा घ्यायची तर पुण्यातली मे महिन्याची ३८ अंशांची हवा आत येते आणि ती गार करायला वीज लागते. जुलैत ती दमट येते. पाणी काढण्याचा खर्च तर आणखी. श्वास वाचवला की बिल वाढते, बिल वाचवले की श्वास कोंडतो. यातून सुटकेचा एक मार्ग म्हणजे थंडीचे काम आणि हवेचे काम वेगळे करणे. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला हैदराबादेत सापडला.

इन्फोसिसने पोचारम इथल्या आवारात २०११ मध्ये एक इमारत वापरात आणली आणि तिचे मुद्दाम दोन सारखे भाग केले. भिंती, खिडक्या, दिवे तेच. एका भागात नेहमीची पद्धत: गार हवा नळ्यांतून फिरवायची. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या स्लॅबमध्ये नळ्या पुरून त्यातून गार पाणी फिरवले. छत थंड झाले की माणसाच्या अंगातली उष्णता त्याकडे जाते. दुपारच्या उन्हात फरशी पुसलेल्या देवळात शिरल्यावर जसे वाटते, तसे काहीसे. उष्णता वाहून न्यायला पाणी हवेपेक्षा साडेतीन हजार पट समर्थ, त्यामुळे मोठमोठे पंखे चालवावे लागत नाहीत. पाणी १४ अंशांचे चालते. नेहमीच्या पद्धतीत ते ८ च्या आसपास लागते, त्यामुळे शीतयंत्रालाही कष्ट कमी. आणि ताजी हवा? तिच्यासाठी वेगळी, छोटी यंत्रणा, जी बाहेरची हवा कोरडी करून माणसांना लागेल तेवढीच आत सोडते. ती कोरडी करावीच लागते, नाहीतर थंड छतावर दव धरून टेबलांवर पाणी ठिबकेल. पहिल्या वर्षाच्या मोजणीत वातानुकूलनाची वीज चौरस मीटरला नेहमीच्या भागात ३८.७ युनिट आणि दुसऱ्यात २५.७ युनिट लागली: ३४ टक्के कमी. उभारणीचा खर्चही किंचित कमीच होता. याची आपल्या वर्तमानपत्रांतून जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे माझे मत. काचेचा मनोरा फोटोत चांगला दिसतो. स्लॅबमधली नळी दिसत नाही.

बांधून झालेल्या इमारतीचा स्लॅब कोण फोडणार? आमच्याकडे झाले ते साधे. मी तीन महिन्यांचे आकडे तारीखवार तक्त्यात मांडून दिले. तक्ता ही हिशेब विभागाला कळणारी भाषा आहे. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर मागच्या भिंतीला बारा इंची दोन एक्झॉस्ट पंखे बसले, समोरच्या काचेतली दोन तावदाने जाळी आणि गाळणी लावून उघडी झाली. गाळणी हवीच, कारण खाली रस्ता आणि सिग्नल. छताचे पंखे परत टांगले आणि एसी २६ वर आला. तीनचा आकडा नऊशे ते अकराशेच्या दरम्यान राहू लागला. मेचे वीजबिल मीच नोंदवत असे. आदल्या मेपेक्षा ते थोडे कमीच आले.

जुलैत मात्र ही व्यवस्था अपुरी पडते. दमट हवा आत येते, फायलींना बुरशीचा वास धरतो आणि मग कुणीतरी एक्झॉस्ट बंद करते. त्यावर हवा कोरडी करणारे यंत्र हवे. त्याचा प्रस्ताव मी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात दिला, तो अजून तिथेच आहे. सेवापुस्तकातला शेरा काढण्याचा अर्जही आम्ही दोघींनी मिळून केला होता, तक्त्याची प्रत जोडून. त्यावर ‘पाहिले’ एवढेच लिहून आले. गाळणी दर दोन महिन्यांनी धुण्याचे काम आता ती मुलगी बघते. यंत्र मी तिच्याकडेच ठेवून आले.