देवाला-पंदलूर : फसलेल्या सुवर्णशोधाचा डोंगरी मुलूख

सोन्याची खाण म्हटली की मराठी वाचकाला कोलार आठवते. परंतु डोंगर, जंगल आणि सोन्यामागची धावाधाव एकत्र पाहायची असेल, तर तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यातील देवाला आणि पंदलूर ही गावे अधिक बोलकी आहेत.

येथील कुरुंब व पणिय लोक ओढ्यांतील वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत, हे इंग्रजांना ठाऊक होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या खाण खात्यात काम केलेले रॉबर्ट ब्रो स्मिथ १८७९ मध्ये येथे आले, त्यांचा आशादायक अहवाल निघाला आणि लंडनच्या बाजारात डझनावारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी कित्येकांनी खाणीपेक्षा समभागच अधिक उत्साहाने विकले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. पृष्ठभागाजवळच्या झिजलेल्या गारेत, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरेत, सोने सुटे असते व ते पाऱ्याने धरता येते. खोलवर मात्र ते गंधकयुक्त लोहखनिजात अडकलेले असल्याने पारा निरुपयोगी ठरतो, आणि अशा खनिजातून सोने विरघळवून काढणारी सायनाइडची पद्धत १८८७ मध्ये आली, तोवर हा फुगा फुटून गेला होता.

सोने हुकले आणि डोंगरांवर चहा पसरला, त्यामुळे आज प्रवाशाला प्रामुख्याने मळेच दिसतात. झाडीत दडलेले जुने बोगदे ढासळणारे असल्याने व हा हत्तींचा वावर असलेला प्रदेश असल्याने त्यांत शिरणे सर्वथा टाळावे. गुडलूरजवळचा सुईसारखा सुळका, जेथून दऱ्यांचा विस्तीर्ण पट्टा दिसतो, आणि नडुवट्टम, जेथे हिवतापावरील क्विनाइनसाठी सिंकोनाची लागवड झाली व चिनी कैद्यांकडून मजुरी करवून घेतली गेली, ही दोन ठिकाणे मात्र चुकवू नयेत.

पावसाळ्यात देवाल्यास अतिवृष्टी होते, म्हणून डिसेंबर ते मार्च हा काळ सोयीचा ठरतो. म्हैसूरहून बंदीपूरमार्गे येणारा जंगलरस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो आणि निलगिरीत बाहेरच्या वाहनांना २०२४ पासून ई-पास लागू झाला आहे, तेव्हा निघण्यापूर्वी दोन्हींची चौकशी करावी.