गाडीचें चाक आणि घरची कानस

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत एका रविवारीं सकाळीं आमचा पुतण्या डोंबिवलीस आमच्या घरीं आला, तो हात काळे करूनच. "काका, गाडीस नवीं चाकें बसविलीं; पण कल्याण-शीळ रस्त्यावर वेग घेतला कीं स्टिअरिंग थरथरतें. जरा खालीं येऊन पाहतां का?" शाळा सुटून सात वर्षें झालीं, तरी फळ्यावरचा लांकडी कंपास मीं जपून ठेवला आहे, हें आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. तो घेऊन मी खालीं उतरलों.

हकीकत अशी. त्याची गाडी जुनी, तेरा इंची लोखंडी रिमांची. एका मित्राच्या निराळ्या गाडीचीं अलॉयचीं चार चाकें त्यास स्वस्तांत मिळालीं. तींहि तेरा इंचीच. टायर चढले, हवा भरली. पण चाक हबावर बसेना, कारण भोकें जुळेनात. तेव्हां ह्या गृहस्थानें बाल्कनींत बसून, ड्रिल व गोल कानस यांच्या साह्यानें, चार रिमांचीं सोळा भोकें बाहेरच्या बाजूस लांबविलीं आणि नट आवळून तो मोकळा झाला! दुसऱ्या दिवशीं पहाटे बायकोस व दोन वर्षांच्या मुलीस घेऊन कसारा घाटानें नाशिकास जावयाचें ठरलेलें होतें.

संस्कृतांत चाकाच्या अवयवांस तीन सुरेख शब्द आहेत. नेमि म्हणजे बाहेरची कड, अर म्हणजे आरे, आणि नाभि म्हणजे ज्यांत आरे रोवलेले असतात तो मधला तुंबा. उपनिषदांतहि आरे व नाभि यांचा दृष्टान्त येतो. पुतण्यानें नेमि मोजली, नाभि मोजलीच नाहीं. सगळा घोटाळा येथेंच झाला. तेरा इंच हें माप टायर जेथें बसतो त्या जागेच्या व्यासाचें. चाक गाडीस जोडलें जातें तें मध्यभागीं. रिमेच्या पाठीवर '४ × १००' असें उठविलेलेंच होतें. म्हणजे चार भोकें, आणि त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. हबावर समोरासमोरच्या दोन स्टडांमधील अंतर मीं मोजलें, तें साडेचार इंच भरलें, अर्थात् ११४.३ मिलिमीटर. प्रत्येक भोंक सात मिलिमीटरांहून अधिक बाहेर सरकविल्यावांचून हीं दोन वर्तुळें जुळणें शक्य नव्हतें, आणि स्टडाची जाडी तर अवघी बारा मिलिमीटर! (पांच भोकांच्या चाकांत समोरासमोर भोकें येत नाहींत. तेथें शेजारच्या दोन मध्यबिंदूंतील अंतरास १.७ नें गुणावें, म्हणजे व्यास जवळजवळ अचूक निघतो. शाळेंत शिकलेली भूमिति अशी कधीं तरी उपयोगीं पडते.)

पाना मागविला. पहिल्याच चाकाचे दोन नट पाना न लावतां नुसत्या बोटांनीं फिरले. ते पाहून पुतण्याचा चेहरा उतरला. आदल्या रात्रीं आपण ते जीव खाऊन आवळले होते, असें तो शपथेवर सांगूं लागला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. चाक स्टडांवर खुंटीस टांगल्यासारखें टांगलेलें असतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः नट आवळल्यानें स्टड किंचित् ताणला जातो, त्या ताणानें चाक हबावर घट्ट दाबलें जातें, आणि त्या दाबामुळें होणारें घर्षणच गाडीचा भार व ब्रेकाचा झटका सोसतें. नटाचें निमुळतें तोंड भोकाच्या तशाच निमुळत्या कडेंत सर्व बाजूंनीं बसलें पाहिजे. कानशीनें ती कडच नाहींशी झाली; नट थोड्याशा धातूवर टेकला, ती जागा दबली, आणि ताण सुटला. पुढें नट सैल होतात, चाक डुलूं लागतें, आणि वांकून वांकून स्टड तुटतात. घाटांतल्या वळणावर तुटते तर, ह्या विचारानें त्या दिवशीं आमच्या घरांत कोणास जेवण गोड लागलें नाहीं.

पुतण्याचा तरीहि एक मुद्दा होता. "पण काका, गांवीं आजोबांनीं बैलगाडीस मोटारीचीं चाकें लावून घेतलींच होतीं ना?" गोष्ट खरी. आमचें मूळ गांव कृष्णाकांठचें, उसाच्या मुलखांतलें. पूर्वीं लोखंडी धाव तापवून लांकडी चाकावर चढवीत व पाणी ओतून आकसवीत. पुढें टायरगाड्या आल्या आणि जुन्या मोटारींचे आंस व चाकें गांवच्या लोहारानें बैलांमागें जोडून दिलीं. खुद्द हवेचा टायर १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलप नांवाच्या पशुवैद्यानें काढला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां घरींच खटपट करून. मात्र बैल तासाला चार किलोमीटर चालतो आणि मोटार ऐंशी धांवते. वेग वीसपट झाला कीं मध्यापासून ढळलेल्या चाकाचा हिसका वीसपट नव्हे, चारशेंपट होतो. शिवाय लोहारानें आंस आणि चाक दोन्हीं एकाच मोटारीचीं घेतलीं होतीं; त्यानें नाभीस हात लावला नव्हता!

मग उपाय काय? भोकें भरून पुन्हां पाडावीं म्हणाल, तर वेल्डिंगच्या उष्णतेनें अशा मिश्रधातूचें मुरविलेलें बळ जातें. दोन वर्तुळांच्या भोकांची जाड तबकडी मध्यें घालतात, पण तिच्या जाडीइतकें चाक बाहेर सरकतें व बेअरिंगवर भार वाढतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानेंहि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मना केला आहे. रिमेचें मधलें भोंक हबाहून मोठें असेल, तर तेवढ्यापुरतें बाजारांत मिळणारें कडें घालण्यास हरकत नाहीं. बाकी सर्व मापें मुळांतच जुळलीं पाहिजेत, आणि चाक बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर जातांच नट पुन्हां तपासावेत.

त्या दिवशीं दुपारींच जुनीं लोखंडी चाकें पुन्हां चढलीं. नाशिकची मंडळी दुसऱ्या दिवशीं रेल्वेनें गेली. तीं चार रिमें विकून टाकण्याचा पुतण्याचा विचार होता. मीं तो मोडून काढला. औद्योगिक वसाहतींतल्या एका कारागिराकडून त्यांस आरपार काप देवविले, आणि मगच तीं वजनावर भंगारांत घातलीं.