आपल्याच तोंडाची सुपारी

‘अरे, तंबाखू कुठे खातो? नुसती सुपारी तर आहे!’ लोकलमध्ये रोज ऐकू येणाऱ्या या डायलॉगचं उत्तर आपल्याच मुंबईत, परळ आणि खारघरच्या लॅबमध्ये कधीच तयार आहे. ते शहाडच्या टपरीपर्यंत मात्र अजून पोचलेलं नाही.

शहाड स्टेशनवर सकाळी पाच मिनिटं उभे राहा. इथे ब्रेकफास्ट दोन प्रकारचा असतो. एक वडापाव-कटिंग, दुसरा टपरीवरचा, तळहातावर घेऊन तोंडात टाकायचा. पुष्कळांचा दुसरा आधी होतो आणि पहिला राहूनच जातो. टिटवाळा, आसनगाव, कसारा, येईल ती लोकल आधीच भरून आलेली. त्यात पुढच्याच स्टेशनात कल्याणचा लोंढा घुसणार. दीड तास एका पायावर काढायचा म्हटल्यावर तोंडात काहीतरी टाइमपास हवाच! सेंच्युरी रेयॉनची नाइट करून घरी निघालेल्यांचं तेच, आणि कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आय-कार्ड अडकवलेल्या आपल्यासारख्यांचंही तेच.

आमच्या ग्रुपमध्ये असा एक नमुना आहे. (नाव देत नाही, तो हा अंक वाचतो.) दारू नाही, सिगरेट नाही, तंबाखूला तर हातही नाही. सासरी मिरवावा असा मुलगा! फक्त कॉलेजपासून सुपारी. दिवसाला आठ-दहा पुड्या. मध्यंतरी लक्षात आलं की हा वडापाव खाण्याआधी हाताने दाबून पार चपटा करतो. आम्ही हसलो. मग त्याने पाणीपुरी सोडली. ‘झोंबतं यार,’ म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. अख्खी पुरी त्याच्या तोंडात जातच नव्हती. शेवटी त्याला ओढत कल्याणच्या एका डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजलं. २४ मिलिमीटर. धडधाकट माणसाचं ४० च्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं.

तोंडाला कुलूप

या दुखण्याचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये टाळू आणि घशाच्या कमानींमधल्या या आजाराचं वर्णन ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ याच नावाने प्रसिद्ध केलं. म्हणजे हा आजार आपल्याकडच्या डॉक्टरांना सत्तर वर्षांपासून माहीत आहे. आपल्याला नाही.

होतं काय? सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते गालाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजन बनवायला डिवचतं. हो, तेच कोलॅजन, ज्याच्या नावाने महागड्या क्रीम विकल्या जातात. चेहऱ्याला हवंहवंसं वाटणारं हे प्रकरण गालाच्या आतून नकोसं होतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. त्याच्या जोरावर काम करणारं एक एन्झाइम या धाग्यांना एकमेकांत घट्ट गुंफतं. वर सुपारीतलं टॅनिन ते धागे सहजी विरघळू देत नाही. म्हणजे बांधकाम जोरात आणि पाडकाम बंद. मऊ, ओलसर गाल हळूहळू पांढुरका, चामड्यासारखा होतो. तिखट सोसत नाही, जीभ नीट बाहेर येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, आणि एक दिवस तोंड उघडतच नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर पाणीपुरीवर निभावलं असतं. पण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (हो, फिजिक्सवाल्या टीआयएफआरच्या!) दंत संशोधन विभागातल्या मंडळींनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ जणांवर १७ वर्षं नजर ठेवली. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. १९८५ मध्ये हे छापून आलं. दर तेरा जणांमागे एक! लोकलच्या एका सीटवर चौथ्यासकट जेवढे बसतात, तशा तीन-सव्वातीन सीटांमागे एक माणूस.

आणि ‘तंबाखू नाही ना’ या डायलॉगचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीला, पहिल्या गटात टाकलं. माणसाला कॅन्सर होतो याबद्दल शंकाच उरली नाही, असा हा गट. सिगरेटचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस तिथे शेजारी. आपल्याकडे मात्र सुपारी पूजेत, सुपारी लग्नात, सुपारी जेवणानंतर बडीशेपेच्या वाटीत. तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? अंडरवर्ल्डने ‘सुपारी घेणे’ या शब्दाला जो अर्थ दिला, तो इथे जरा जास्तच फिट बसतो.

आपला ट्यूमर वेगळा

पाश्चात्त्य देशांत घशातल्या, टॉन्सिल्सजवळच्या कॅन्सरच्या मोठ्या हिश्शामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. आपल्याकडचं प्रकरण निराळं. पुडी जिथे दाबून ठेवतो तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत, हा ट्यूमर उगवतो. त्यामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढायचं काम वाटून घेतलं, तेव्हा भारताने नेमका हाच ट्यूमर मागून घेतला. कल्याणीची (कल्याण नव्हे, पश्चिम बंगालमधलं कल्याणी) जीनोम संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी आधी ५० पेशंटचे ट्यूमर वाचले, मग आणखी ६० जणांचे पडताळले. २०१३ मध्ये निकाल छापून आला.

त्यातलं मला सगळ्यात भिडलं ते असं. बिघडलेल्या जनुकांच्या यादीत ब्रेकच जास्त आहेत. टीपी५३ हा पेशीचा वॉचमन. डीएनए खराब झालेला दिसला की तो पेशीचं विभाजन रोखतो. कॅस्प८ म्हणजे बिघडलेल्या पेशीने स्वतःला संपवायचं बटण. फॅट१ आणि नॉच१ पेशींना शिस्तीत ठेवणारे. अ‍ॅक्सिलरेटर म्हणावा असा ठळक एकच, एचआरएएस. आता गंमत बघा. आधुनिक ‘टार्गेटेड’ गोळ्यांना अडकलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढणं जमतं, पण तुटलेला ब्रेक पुन्हा बसवणं अजून जमत नाही. एचआरएएस बिघडलेल्या ट्यूमरसाठी टिपिफार्निब नावाच्या औषधाच्या ट्रायल झाल्या आहेत, पण तो पेशंटचा छोटा गट. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये काहींना नुसत्या गोळीवर वर्षं काढता येतात आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजही पहिलं हत्यार सर्जनची सुरीच, असं का, याचं बरंचसं उत्तर या यादीत आहे.

सुरी कधी, किती?

सुरीच चालवायची तर ती कुठवर? ट्यूमर छोटा आहे, मानेत गाठ लागत नाही. मग ट्यूमरसोबत मानेतल्या लसिका ग्रंथीही काढून टाकायच्या, की गाठ आली तर बघू म्हणून थांबायचं? जगभरचे सर्जन यावर वर्षानुवर्षं भांडत होते. दोन्ही बाजूंना मतं भरपूर, पुरावा तुटपुंजा.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने २००४ पासून दहा वर्षं पेशंट दोन गटांत वाटून हा प्रश्न सोडवला. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ मध्ये शिकागोच्या कॅन्सर परिषदेत मुख्य व्यासपीठावर मांडला गेला आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला गेला. मानेचं ऑपरेशन लगेच केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आठ जणांची मान वेळेत साफ केली की एक मृत्यू टळतो. यातले बहुतेक पेशंट जिभेच्या ट्यूमरचे होते, हे खरं. पण यात नवं औषध नाही, नवं मशीन नाही, कुठल्या कंपनीचं पेटंट नाही. नुसतं ‘आज की नंतर’ याचं उत्तर. माझ्या मते आपल्या शहरात झालेल्या सगळ्यात स्टायलिश कामांपैकी हे एक आहे, आणि त्याचं एकही होर्डिंग लागलं नाही.

त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या एका टीमने औषधांच्या किमतीशी पंगा घेतला. कॅन्सर परत आलाय किंवा ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय, अशा पेशंटना इम्युनोथेरपीचं निव्होलुमॅब देता येतं, पण पूर्ण डोसचं बिल सामान्य घराला झेपत नाही. म्हणून ते फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या तीन औषधांच्या जोडीला दिलं. त्या तिघांत सांधेदुखीवर वापरलं जाणारं सेलेकॉक्सिबही होतं. २०२२ मध्ये निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६ टक्के होते, छोट्या डोससह ४३ टक्के. हा बरं होण्याचा आकडा नव्हे, जास्तीच्या महिन्यांचा आहे. पण ज्या घरात ते महिने येतात, त्या घराला विचारा.

टॉर्च आणि तीन बोटं

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे पेशंट सापडले. पुरुषांमध्ये हा पहिल्या नंबरवर. बहुतेक जण पोचतात उशिरा. छोट्या ट्यूमरवर जे काम चिमूटभर मांस काढून भागतं, तेच उशीर झाला की जबडा काढून तिथे पायाचं हाड बसवण्यापर्यंत जातं, आणि पुढे रेडिएशन.

सरकारने काय केलं? राज्यातली २००२ ची गुटखाबंदी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात पडली. २०१२ च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली ती पुन्हा आली आणि नंतर वेळोवेळी वाढवली गेली. बाजाराने तोड काढली. सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, मिक्सिंग गिऱ्हाइकाने करायचं. टपरीवरचा मावा तर आपला आपण, चुन्यासकट घोटलेला.

म्हणून आपली आपण टेस्ट. आपल्याच हाताची तीन बोटं, पहिलं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर डेंटिस्ट गाठा. दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं अल्सर, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलणारा दात, तिखट नसतानाही होणारी आग, यातलं काहीही असलं तरी तेच. बघायला फार काही लागत नाही. तिरुअनंतपुरममध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या नजरेने तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं.

आमच्या मित्राची सुपारी बंद झाली. गालात इंजेक्शनं झाली आणि व्यायाम सुरू आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दातांमध्ये धरायचा आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कॅन्सरच्या भीतीपोटी दर काही महिन्यांनी तपासणी आहेच.

दात साफ करायला जाल तेव्हा डॉक्टरांना गाल, हिरड्यांच्या खाचा आणि जिभेखालचा भागही बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पुडी सुटत नसेल तर तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फुकट: १८००-११-२३५६.