कोकोत विरघळलेलं माणिक

रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेचं बारसं झालं २४ फेब्रुवारी १९९३ला, चॅटवरच्या गप्पांत. युकिहिरो मात्सुमोतो आणि त्यांचे सहकारी केइजु इशित्सुका यांच्यापुढे दोन नावं होती, कोरल आणि रूबी. म्हणजे पोवळं की माणिक! त्या काळी पर्ल ही भाषा जोरात होती आणि पर्ल म्हटलं की कानाला मोतीच ऐकू येतो. मोत्याशेजारी माणिक शोभतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, ‘माणिकमोती’ हा जोडशब्द आपल्याकडे केव्हाचा तयार आहे. माणिक जिंकलं आणि २१ डिसेंबर १९९५ला भाषेची पहिली जाहीर आवृत्ती बाहेर आली.

पुढे हे माणिक मॅकच्या कोंदणात बसवायचे बरेच प्रयत्न झाले. त्यातला सगळ्यात देखणा म्हणजे मॅकरूबी. २००७मध्ये ॲपलमध्येच काम करणाऱ्या लॉरां सान्सोनेत्ती या बेल्जियन प्रोग्रॅमरने तो सुरू केला आणि मार्च २००८मध्ये ०.१ आवृत्ती लोकांच्या हाती आली.

दुभाष्याला रजा

मॅकवर खिडक्या, बटणं, मेन्यू यांची ॲप्स बनवायची तर ‘कोको’ हे फ्रेमवर्क वापरायचं आणि कोकोची बोली ऑब्जेक्टिव्ह-सी. रूबीवाल्यांसाठी २००१पासून हिसाकुनी फुजिमोतो यांचा रूबीकोको होता. मॅक ओएस एक्स लेपर्ड ऑक्टोबर २००७मध्ये आली तेव्हा तर तो सिस्टिमबरोबरच मिळू लागला. पण त्याचं काम दुभाष्याचं होतं. रूबीतला मजकूर कोकोकडे निघाला की वाटेत त्याचं रूपांतर, उत्तर आलं की पुन्हा उलटं रूपांतर.

सान्सोनेत्तींनी दुभाष्याला घरी पाठवलं. मॅकरूबीत रूबीची स्ट्रिंग हीच मॅकची एनएस-म्युटेबल-स्ट्रिंग. ॲरे हीच एनएस-म्युटेबल-ॲरे. हॅश हीच एनएस-म्युटेबल-डिक्शनरी. तुम्ही रूबीत एखादा साधा क्लास लिहिलात तरी त्याचं मूळ एनएस-ऑब्जेक्टपर्यंत जायचं. मला या प्रकल्पातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे जमलं, कारण रूबी आणि ऑब्जेक्टिव्ह-सी एकमेकींना परक्या नव्हत्याच. दोघींची आजी एक, स्मॉलटॉक. वस्तूला हुकूम सोडायचा नाही, निरोप धाडायचा, हा संस्कार दोघींनी तिच्याकडून घेतला. ऑब्जेक्टिव्ह-सी ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली, म्हणजे रूबीहून ती दहाएक वर्षांनी मोठी.

एक अडचण मात्र होती. ऑब्जेक्टिव्ह-सीत मेथडचं नाव तुकड्यातुकड्यांनी येतं आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याची किंमत. रूबीत नाव सलग. मग मॅकरूबीने रूबीच्याच वळणाची वाट काढली: पहिला तुकडा मेथडचं नाव म्हणून, बाकीचे तुकडे स्वल्पविरामानंतर, नाव, कोलन आणि किंमत असे. वाचताना ते शुद्ध रूबी वाटतं आणि आत कोकोला हवा तोच निरोप पोचतो.

हे ‘एनएस’ आहे तरी कोण?

नेक्स्टस्टेप! स्टीव्ह जॉब्सनी ॲपलबाहेर पडून काढलेल्या नेक्स्ट कंपनीची सिस्टिम. डिसेंबर १९९६मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि हे दोन अक्षरी कुलनाम मॅकवर नांदायला आलं. याच नेक्स्टच्या यंत्रावर टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये सर्नमध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला.

खिडक्या माउसने मांडायचं इंटरफेस बिल्डरही नेक्स्टकडूनच आलं. ते घडवणारे फ्रेंच संशोधक झाँ-मारी ह्युलो यांनी त्याचा आधीचा अवतार मॅकवर लिस्प भाषेत लिहिला होता. त्याच्या फायलींना ‘निब’ म्हणतात. शाईच्या पेनाशी त्याचा संबंध नाही, ती नेक्स्ट इंटरफेस बिल्डरची आद्याक्षरं.

दोन ओळींत बोलता मॅक

मॅकआयआरबी नावाची खिडकी उघडायची. पहिली ओळ: फ्रेमवर्क ‘कोको’. दुसऱ्या ओळीत एनएस-स्पीच-सिंथेसायझरची नवी वस्तू करून तिला वाक्य द्यायचं. एंटर दाबलं की मॅक ते वाक्य मोठ्यांदा म्हणून दाखवणार! कंपाइल करायचं नाही, प्रोजेक्ट उघडायचं नाही.

पूर्ण ॲपही फार लांब नव्हतं. इंटरफेस बिल्डरमध्ये बटण ओढून ठेवायचं. रूबीच्या फायलीत ‘ॲट्र-ॲक्सेसर’ लिहिलं की ते आउटलेट झालं, म्हणजे खिडकीतली वस्तू कोडमधून धरायची जागा. ‘सेंडर’ घेणारी मेथड लिहिली की ती ॲक्शन झाली, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारं काम. कंट्रोल-की दाबून बटणापासून रेघ ओढली की बटण आणि कोड यांची गाठ पक्की. ज्यांना माउसही नको त्यांच्यासाठी रिच किल्मर यांचं हॉटकोको होतं, त्यात अख्खी खिडकी मोजक्या रूबी ओळींत उभी राहायची.

मित्राच्या मॅकवर मॅकरूबी नसेल तर? ‘मॅकरूबी डिप्लॉय’ हे साधन सगळं इंजिनच ॲपच्या पोटात भरून द्यायचं.

चाळीतला एकच नळ

नेहमीच्या रूबीत एक मोठं कुलूप असतं. थ्रेड कितीही काढा, एका वेळी रूबीचा कोड एकच थ्रेड चालवणार. चाळीत नळ एक आणि बादल्या वीस, तशी गत. जानेवारी २०१०मध्ये आलेल्या मॅकरूबी ०.५ने हे कुलूप काढून टाकलं. शिवाय २००९च्या स्नो लेपर्डमधलं ग्रँड सेंट्रल डिस्पॅच थेट रूबीतून वापरता येऊ लागलं, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला आपापला नळ.

याच आवृत्तीत आतलं इंजिनही बदललं. एलएलव्हीएम आलं, ज्याची सुरुवात इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी २०००मध्ये केली होती. त्याच्या जोरावर मॅकरूबी आपला कोड आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवू शकायची.

घंटागाडी बंद झाली

आता दुखरा भाग. वापरून झालेल्या वस्तूंनी मेमरीत कचरा साठतो. रूबीत तो आपोआप उचलला जातो, प्रोग्रॅमरने काही करायचं नसतं. मॅकरूबीने स्वतःची घंटागाडी ठेवलीच नाही, लेपर्डबरोबर ऑब्जेक्टिव्ह-सीला मिळालेलीच वापरली. घर एक, मग गाडीही एकच, हे अगदी रास्त होतं.

पण आयफोनवर ही गाडी कधी आलीच नाही. २०११मध्ये ॲपलने एआरसी आणलं: कोणती वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याचा हिशेब आणि शेवटच्याने सोडली की लगेच विल्हेवाट. हिशेबाच्या सूचना कंपायलरच कोडमध्ये घालून देणार. २०१२च्या माउंटन लायनमध्ये जुनी गाडी मोडीत काढायचं जाहीर झालं. १ मे २०१५पासून तिच्यावर विसंबलेली ॲप्स मॅक ॲप स्टोअर घेईना. २०१६च्या सिएरामध्ये गाडी कायमची बंद. मॅकरूबीचा पायाच तिच्यावर होता. मॅकशी एकजीव होण्याचा जो निर्णय मला एवढा आवडतो, त्यानेच तिला अडकवलं. तरी तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, दुभाषी ठेवून ती गोडी आली नसती.

मॅकरूबीची शेवटची आवृत्ती २०१२ची, क्रमांक ०.१२. एकाचा आकडा तिने कधी पाहिलाच नाही.

सान्सोनेत्ती त्याआधीच, २०११मध्ये, ॲपल सोडून बाहेर पडले होते. हिपबाइट ही कंपनी काढून त्यांनी मे २०१२मध्ये रूबीमोशन आणलं. त्यात घंटागाडी नव्हती, वस्तूंचा हिशेब होता आणि सगळा कोड आधीच कंपाइल केलेला, त्यामुळे जिथे मॅकरूबी पोचू शकली नव्हती त्या आयफोनवर रूबी पोचली. आणि २०१३मध्ये रूबीमोशनची २.० आवृत्ती आली, ती मॅकची डेस्कटॉप ॲप्स बनवायची सोय घेऊनच.