ओढ्यातल्या अळ्या सांगतात पाण्याचे दुखणे

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निरोगी असेलच असे नाही. मेघालयातील जैंतिया टेकड्यांमधले कित्येक ओढे याची साक्ष देतात. पाणी स्वच्छ, पण त्यात ना मासा, ना बेडूक. तळाचे दगड मात्र नारिंगी गाळाने माखलेले!

याचे मूळ आहे दगडी कोळशात. येथील कोळशात गंधकाचे प्रमाण जास्त असते. उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणी खोदल्या आणि कोळशाचे ढीग उघड्यावर पडले, की त्यातील लोह-गंधकाच्या खनिजाची हवा-पाण्याशी गाठ पडते व गंधकाम्ल तयार होते. हे आम्लधर्मी पाणी खडकांतील लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम विरघळवून ओढ्यात आणते. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो. येथील काही ओढ्यांत तो 4 च्याही खाली उतरला. म्हणजे आम्लता हजारपटीहून अधिक!

सर्वांत आधी बळी पडतात त्या कीटकांच्या अळ्या. चतुर, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांचे बालपण पाण्यातच जाते. आम्लामुळे मेफ्लायच्या अळीच्या अंगातील क्षार झिरपून जातात, धातू कल्ल्यांना इजा करतात आणि लोहाचा गाळ तिचे खाद्य असलेले शेवाळ झाकून टाकतो. नाजूक जाती नाहीशा होतात. चिलटांसारख्या कायरोनोमिड माशांच्या काही चिवट अळ्याच तेवढ्या तग धरतात.

अळ्या गेल्या तर आपले काय बिघडले? त्या पडलेली पाने कुरतडून कुजण्यास मदत करतात आणि माशांचे पोट भरतात. पंख फुटल्यावर त्या पक्ष्यांचे भक्ष्य होतात. त्या संपल्या की ही साखळीच तुटते.

शिवाय पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाची स्थिती सांगतो. अळी मात्र कित्येक आठवडे तेथेच राहिलेली असते. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाणी-परीक्षणाच्या निकषांतही तळातील अशा जीवांना स्थान आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 मध्ये या खाणींवर बंदी घातली. पण बंद खाणीतूनही आम्ल वर्षानुवर्षे पाझरत राहते. चुनखडीवरून पाणी वाहू दिल्यास आम्लता कमी होते आणि मेघालयात चुनखडी मुबलक आहे. मात्र लोहाचा थर बसला की तिचा गुण उतरतो. म्हणून दगड वेळोवेळी साफ करावे किंवा बदलावे लागतात.

उपाय लागू पडला की नाही, हे कसे कळणार? ओढ्यातला दगड उलटावा. त्याखाली मेफ्लायची अळी वळवळताना दिसली, की पाणी बरे होऊ लागले असे समजावे.