सायकलची ताकद ताटातून येते

आजच्या भागात आपण नेदरलँड्स देशातल्या एका सायकलपटू बाईची माहिती घेणार आहोत. तिचं नाव लिओन्टीन फान मोर्सेल. नाव जरा अवघड आहे, म्हणून आपण नुसतं लिओन्टीन म्हणू. नेदरलँड्स म्हणजे तोच देश, ज्याला पुष्कळ जण हॉलंड म्हणतात. तिथे लहानथोर सगळे सायकल चालवतात. पण सायकलवर कामाला जाणं वेगळं आणि सायकल शर्यतीवर पोट भरणं वेगळं. लिओन्टीननं हे दुसरं काम केलं. २००४ साली निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे ऑलिंपिकची सहा पदकं होती. त्यांतली चार सोन्याची.

पदकं पुष्कळांना मिळतात. मग हिचीच गोष्ट का? कारण या बाईचं खेळातलं आयुष्य मधोमध तुटलं होतं. ते तुटलं जेवण सुटल्यामुळे आणि पुन्हा जोडलं गेलं जेवणामुळेच.

आधी सायकलच्या शर्यती काय असतात ते समजून घेऊ. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार रस्त्यावरचा. शंभर-सव्वाशे किलोमीटर सगळ्या जणी एकत्र पळवतात. यात एक युक्ती असते. पुढचीच्या मागे चिकटून चालवलं की वारा ती अंगावर घेते आणि मागचीचे श्रम वाचतात. म्हणून कुणाच्या मागे राहायचं आणि नेमकं कधी पुढे काढायचं, याला फार महत्त्व. रस्त्यावरचीच आणखी एक शर्यत असते ती घड्याळाविरुद्धची. त्यात एकेकीला वेगवेगळं सोडतात. वारा अडवायला पुढे कुणी नाही. कमी वेळात पोचेल ती जिंकली.

दुसरा प्रकार ट्रॅकवरचा. ट्रॅक म्हणजे लंबगोल धावपट्टी, वळणावर भिंतीसारखी तिरपी चढवलेली. त्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मध्ये थांबायची सोय नाही. ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीत दोघींना समोरासमोरच्या बाजूंनी सोडतात. बायकांसाठी हे अंतर तेव्हा तीन किलोमीटर होतं. एकीनं दुसरीला गाठलं तर तिथेच जिंकली, नाही तर वेळ बघायची.

रस्त्याला दमसास लागतो, ट्रॅकला थोड्या वेळात सगळी ताकद ओतावी लागते. दोन्हींत पहिली येणारी बाई विरळाच. लिओन्टीन त्यांतली एक.

तिचा जन्म २२ मार्च १९७० चा, बूकल या गावचा. विशीतच, १९९० साली, ती पाठलागाच्या शर्यतीत जगात पहिली आली. १९९१ आणि १९९३ साली रस्त्यावरच्या जागतिक स्पर्धेत पहिली आली. १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं फ्रान्समधली बायकांची अनेक दिवस चालणारी मोठी शर्यत जिंकली. या शर्यतीत डोंगरांचे मोठाले चढ असतात.

या चढांपाशीच खेळाडूंची एक अडचण असते. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. वजन जितकं जास्त तितका चढ जड. सायकलपटूंचंही तसंच. अंगाचं वजन थोडं उतरलं की चढ सोपा होतो, हे खरं आहे. पण त्यालाही मर्यादा आहे आणि ती कधी ओलांडली हे ज्याचं त्याला कळत नाही. उलट आजूबाजूचे लोक ‘छान बारीक झालीस’ म्हणून कौतुकच करत राहतात.

लिओन्टीनला वजन कमी करण्याचा ध्यासच लागला. त्यातून ॲनोरेक्सिया हा आजार जडला. या आजारात माणूस जेवण टाळतं. अंगावर मांस उरलं नाही तरी त्याला आपण जाडच वाटतो. हे नखरे नाहीत, हट्टही नाही. हा मनाचा आजार आहे आणि त्यानं जीवही जाऊ शकतो.

उपाशी शरीर काय करतं ते ऐका. आधी साठवलेली चरबी वापरतं. ती पुरेनाशी झाली की स्नायू जाळायला लागतं. म्हणजे ज्या मांड्यांच्या जोरावर सायकल पळवायची, त्याच मांड्या शरीर खातं. पाळी अनियमित होते, मग थांबते. हाडं ठिसूळ होतात. सतत थंडी वाजते, चक्कर येते, हृदयाचे ठोके मंदावतात. सुरुवातीला हलकं वाटलेलं शरीर शेवटी पायडलही मारू शकत नाही.

१९९४ साली लिओन्टीनला खेळ थांबवावा लागला. दोनदा जग जिंकलेली बाई चोविसाव्या वर्षी घरी बसली. ‘संपली ही’ असं कुणी म्हटलं असतं तर नवल नव्हतं.

बरं व्हायला वर्षं गेली. या काळात तिला मायकेल झाइलार्डची मोठी साथ मिळाली. तोही सायकलपटूच. पुढे दोघांनी लग्न केलं. ती हळूहळू जेवायला लागली, ताकद आली, मग सायकलही आली. १९९८ साली जागतिक स्पर्धा तिच्याच देशात झाली. तिथे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत ती पहिली आली आणि रस्त्यावरच्या शर्यतीत दुसरी. पुढच्या वर्षी घड्याळाविरुद्धची शर्यत तिनं पुन्हा जिंकली.

मग २००० साली ऑस्ट्रेलियात सिडनी ऑलिंपिक झालं. लिओन्टीन तेव्हा तीस वर्षांची. दोन आठवड्यांच्या आत तिनं पाठलागात सोनं, रस्त्यावरच्या शर्यतीत सोनं, घड्याळाविरुद्ध सोनं आणि ट्रॅकवरच्या गुणांच्या शर्यतीत रुपं मिळवलं. उपाशी राहून हलक्या झालेल्या पायांना हे झेपलं नसतं. हे पोटभर जेवून कमावलेल्या पायांचं काम होतं.

२००३ साली मेक्सिको सिटीत तिनं तासाचा विक्रम केला. एका तासात एकटीनं किती अंतर कापता येतं, ते यात मोजतात. ती ४६ किलोमीटर आणि वर ६५ मीटर गेली. गावोगाव थांबत जाणाऱ्या एसटीलाही एवढं अंतर कधीकधी तासात होत नाही. हा विक्रम पुढची बारा वर्षं टिकला.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत ती जोरात पडली. तीनच दिवसांनी घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला उभी राहिली आणि सोनं घेऊन गेली. पाठलागात तिसरी आली आणि मग तिनं खेळातून निवृत्ती घेतली. पुढे तिनं आपल्या देशात एक घर सुरू केलं. जेवणाशी वैर धरून बसलेली माणसं आणि त्यांचे घरचे तिथे आधारासाठी येऊ लागले.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक बायका काही वजनापायी उपाशी राहत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, भाजी संपली तर चटणीवर भागवायचं, उपासाच्या दिवशी नुसत्या चहावर राबायचं, हीच आपली रीत. कारण वेगळं आहे. पण घास का चुकला हे शरीर विचारत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. धाप लागणं, पाय ओढणं, सारखा थकवा, याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. पुष्कळदा ते वय नसतं, रिकामं ताट असतं.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. पहिली, घरातल्या बाईचं ताट सगळ्यांच्या बरोबर वाढलं जावं आणि त्यात डाळ-उसळ, पालेभाजी असावी. दुसरी, आशाताईंना विचारून गटातल्या सगळ्या जणींनी रक्ताची तपासणी करून घ्यावी. तिसरी, वयात आलेल्या मुलींकडे लक्ष ठेवा. एखादी सारखं जेवण टाळते, झपाट्यानं वाळते, पाळी चुकते, तर तिला रागावू नका. जवळ बसवा, डॉक्टरांकडे न्या. आणि कुठल्याच पोरीला ‘जाडी’ किंवा ‘काडी’ म्हणून हाक मारू नका. तो शब्द तिच्या ताटापर्यंत जातो.

लिओन्टीन भुकेल्या पोटी थांबली होती आणि जेवून पुन्हा जग जिंकली. आपल्याला ऑलिंपिक जिंकायचं नसेल, पण शेत, पाणी, सरपण, पोरंबाळं ही आपली रोजची शर्यत आहेच. तिलाही ताकद लागते. तेव्हा आज रात्री तुमचं ताट सगळ्यांच्या बरोबर वाढून घ्या.